रॉ छायाचित्रांवर फिल्मच्या रंगरूपाचे आरोपण : तत्त्व आणि मर्यादा

प्रस्तावना :

ईस्टमन कोडॅक कंपनीने १९३५ मध्ये बाजारात आणलेल्या कोडॅक्रोम फिल्मचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. उत्पादनातील शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी यांच्याकडे सोपविण्यात आला आणि २०१० मध्ये त्यावरील काही छायाचित्रे त्यांनी भारतात घेतली. फिल्म गेली, तिच्या रंगांची ओढ मात्र टिकून आहे. डिजिटल रॉ फाइलला अशा फिल्मचे रूप देणाऱ्या प्रक्रियेचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रॉ फाइलचे स्वरूप :

रॉ फाइल हे रूढ अर्थाने चित्र नव्हे. बहुसंख्य कॅमेऱ्यांत सेन्सरच्या निम्म्या बिंदूंवर हिरवी आणि प्रत्येकी पाव बिंदूंवर लाल व निळी गाळणी असते. प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो; उर्वरित दोन शेजाऱ्यांवरून काढावे लागतात. १४ बिटच्या फाइलीत या मोजणीच्या १६,३८४ पायऱ्या असतात, तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या केवळ २५६. प्रकाश दुप्पट झाला की सेन्सरची नोंदही दुप्पट होते आणि कमाल मर्यादा गाठताच ती एकाएकी थांबते. फिल्मचे तसे नाही. हर्टर व ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये मांडलेल्या वक्ररेषेत दोन्ही टोकांना चढ मंदावतो. निगेटिव्ह फिल्मवरील उजळ ढगांतही तपशील राहतो, तो यामुळे.

रंगकोष्टकाचे कार्य :

रूपांतराचे प्रचलित साधन म्हणजे त्रिमितीय रंगकोष्टक. लाल, हिरवा व निळा यांच्या प्रत्येक मिश्रणासाठी त्यात पर्यायी रंग नोंदलेला असतो. रॉथेरपी व डार्कटेबल या मुक्त आज्ञावलींत हे कोष्टक चित्राच्याच रूपात वापरता येते. १७२८ × १७२८ बिंदूंच्या अशा एका चित्रात २९,८५,९८४ रंग सामावतात.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. कोष्टक लावण्यापूर्वी प्रकाशमान व श्वेतसंतुलन निश्चित करावे लागते, कारण कोष्टकाला येणारा रंग चुकला की जाणाराही चुकतो. दिवसाच्या प्रकाशासाठी बनविलेली फिल्म सुमारे ५५०० केल्विनला संतुलित असे. बल्बच्या उजेडात ती पिवळसर चित्र देई. कॅमेऱ्याने आपोआप केलेले संतुलन तसेच ठेवून वर फिल्मचे कोष्टक लावले, तर मिळणारे चित्र आकर्षक असेल, पण त्या फिल्मचे नसेल.

मर्यादा :

कोष्टक प्रत्येक बिंदूकडे सुटा पाहते. त्यामुळे फिल्मचा दाणा किंवा दिव्याभोवती पसरणारे तांबूस वलय ते निर्माण करू शकत नाही. त्यासाठी स्वतंत्र प्रक्रिया लागते. याहून मूलभूत अडचण वर्णपटाची आहे. फिल्मला भिन्न वाटणारे दोन रंग सेन्सरने एकसारखे नोंदले असतील, तर तो भेद कोणत्याही गणिताने परत आणता येत नाही.

महाविद्यालयीन संशोधनात हा प्रश्न केवळ रुचीचा राहत नाही. वनस्पतीच्या पानाचा वा मृत्पात्राचा रंग जेथे पुरावा आहे, तेथे असे आरोपण प्रस्तुत लेखकास अग्राह्य वाटते. अन्यत्र ते खुशाल करावे, मात्र वापरलेल्या कोष्टकाचे नाव चित्राखाली द्यावे. मूळ रॉ फाइल या प्रक्रियेत बदलत नाही. सर्व फेरफार सामान्यतः स्वतंत्र लहान फाइलीत नोंदले जातात, आणि दोन्ही फाइली एकत्र जतन केल्यास दुसऱ्या अभ्यासकाला ते पायरीपायरीने तपासता येतात.