'बरं शे ना?'

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की लघवी केशरी होते. रिफाम्पिसिन या औषधामुळे तसं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आधी कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस हादरतो. पुढे काही आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं. 'आता बरं वाटतंय, कशाला घ्यायच्या?' म्हणत गोळ्यांचं पाकीट फळीवर जातं. उपचार मात्र साधारण सहा महिन्यांचे असतात. ते अर्ध्यावर सुटले तर आजार उलटतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होण्याची भीती असते.

धुळ्यात पांझरेकाठच्या देवपुरात असो की साक्री तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर, हा पेच सारखाच. खानदेशात त्याला स्थलांतराचाही पदर आहे. हंगाम आला की कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. ओळखीचा दवाखाना मागे राहतो, मोबाइल बरोबर जातो. म्हणून त्या मोबाइलवर काय निरोप येतो, याला मोल आहे.

मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेतून आलेल्या '९९डॉट्स' या टीबीच्या गोळ्यांसाठीच्या उपक्रमाने एक साधी युक्ती केली. गोळ्यांच्या पट्टीला कागदी वेष्टन घातलं. गोळी दाबून बाहेर काढली की वेष्टन फाटतं आणि आत दडलेला फोन नंबर दिसतो. त्यावर फुकट मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे आजची गोळी घेतल्याची नोंद होते. कॉल आला नाही तर आठवण करून देणारा एसएमएस जातो आणि गरज पडल्यास आरोग्य कर्मचारी चौकशी करतो. अर्थात मिस्ड कॉल म्हणजे गोळी पोटात गेल्याची खात्री नव्हे. रुग्णांच्या लघवीच्या तपासण्यांतून ही उणीव पुढे दिसलीही.

नुसती आठवण पुरत नाही, हे दक्षिण भारतातल्या एका मोठ्या अभ्यासानेही दाखवलं. एचआयव्हीच्या ६३१ रुग्णांपैकी निम्म्यांना यंत्रावरून फोन आणि दर आठवड्याला चित्राचा संदेश जात होता. २०१४ साली निष्कर्ष आले, तेव्हा दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

केनियात मात्र फरक पडला. तिथे एचआयव्हीच्या ५३८ रुग्णांपैकी निम्म्यांना आठवड्यातून एकदा स्वाहिली भाषेत एकच शब्द जायचा: 'माम्बो?' म्हणजे कसं काय? आजाराचं नाव नाही, गोळीचं नाव नाही. घरातल्या दुसऱ्या कुणी वाचला तरी हरकत नाही. दोन दिवसांत उत्तर द्यायचं: 'सावा', म्हणजे ठीक, किंवा 'शिदा', म्हणजे अडचण आहे. अडचण कळवणाऱ्याला आणि उत्तर न देणाऱ्यालाही दवाखान्यातून माणूस फोन करायचा. गोळ्या नियमित घेतल्याचं सांगणारे निरोपाच्या गटात ६२ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ५०. नुसत्या बोलण्यावर विसंबायला नको म्हणून रक्त तपासलं, तर विषाणू आटोक्यात असलेलेही पहिल्या गटातच जास्त होते: ५७ टक्के, दुसरीकडे ४८.

मुंबईचा अनुभव याच वाटेने जातो. डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'आरमान' संस्थेची 'एममित्र' सेवा गरोदर बायांना आणि बाळंतिणींना त्यांच्या भाषेत, त्यांच्या सोयीच्या वेळी फोनवरून माहिती ऐकवते. काही जणी ऐकणं हळूहळू सोडतात. अशा कोण असतील, याचा अंदाज आता संगणक बांधतो आणि मग कार्यकर्ती स्वतः त्यांना फोन करते. हे मनुष्यबळ मोजकं असतं, म्हणून ते कुठे लावायचं तेवढं यंत्राने सांगायचं.

'गोळी घ्या' हा हुकूम झाला. 'काही त्रास होतोय का?' या प्रश्नाला उत्तर मिळतं: मळमळ होते, उपाशीपोटी गोळी जात नाही, दिवसाची मजुरी बुडते. त्या उत्तरावर कुणीतरी हलणार असेल, तरच तो निरोप कामाचा.

खानदेशात हे सगळं उभं करण्याजोगं आहे. टीबीच्या प्रत्येक नोंदणीकृत रुग्णाला 'निक्षय' या सरकारी नोंदणी प्रणालीचा क्रमांक मिळतो आणि उपचार दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही वर्ग करता येतात. नोव्हेंबर २०२४पासून पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. ऊसतोडीला निघताना आशाताईंना सांगून तो क्रमांक बरोबर नेला, तर पुढच्या गोळ्या गुजरातच्या सरकारी दवाखान्यातून मिळू शकतात. आणि फडावर असताना आठवड्यातून एकदा, आजाराचं नाव न घेता, अहिराणीत निरोप यावा: 'बरं शे ना?'