'खोकला तर इथं सगळ्यांनाच असतो' : देवनार डंपिंगच्या शेजारचे आजार

"ताई, खोकला तर इथं सगळ्यांनाच असतो." गोवंडीत घरभेटीला गेले की हे वाक्य हमखास ऐकू येते. बोलणारी बाई तक्रार करत नसते, सहज सांगत असते. आजार इतका अंगवळणी पडला आहे की तो आजार वाटतच नाही. म्हणून देवनारचे डंपिंग ग्राउंड शेजारच्या माणसाच्या शरीराचे नेमके काय करते, हे समजून घेणे गरजेचे आहे.

तिथे राहायला गेलेच कशाला?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. देवनारला कचरा टाकायला सुरुवात झाली १९२७ साली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्यावरचा हक्क बजावला. पुढे १९७० च्या दशकात मुंबईच्या इतर भागांतून हटवलेल्या झोपडीवासीयांना शिवाजीनगर-बैंगनवाडीत, डंपिंगच्या शेजारीच वसवण्यात आले. यात दलित आणि मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच एम-पूर्व विभाग सर्वांत तळाला होता.

विष शरीरात शिरते कसे?

पहिला मार्ग धुराचा. ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. शिवाय तांबे मिळवण्यासाठी वायरी जाळल्या जातात. या धुरातले २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसात खोलवर जातात, तिथून रक्तात मिसळतात. दमा, श्वसनाचे विकार आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. प्लास्टिक जळताना डायॉक्सिन तयार होते. त्याच्या सर्वांत घातक प्रकाराची नोंद कर्करोगकारक म्हणून झाली आहे. जानेवारी २०१६ मधल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. छोट्या आगींची मात्र बातमी होत नाही.

दुसरा मार्ग पाण्याचा. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत आणि गटारात उतरते. त्याच गटारातून पिण्याच्या पाण्याचे पाइप गेलेले असतील आणि जोड सैल असतील, तर पाणी बंद असताना घाण आत ओढली जाते. जुलाब, कावीळ, टायफॉइड यातूनच होतात.

तिसरा मार्ग स्पर्शाचा. दवाखान्यातला कचरा घरच्या कचऱ्यात टाकणे बेकायदा आहे, तरी कचरा वेचणाऱ्या हातांना सुया लागतातच. जुन्या बॅटऱ्यांमधले शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते.

टीबीचे काय?

टीबी धुराने होत नाही, तो जंतूंमुळे होतो. पण धुराने कमकुवत झालेली फुप्फुसे, अपुरे अन्न आणि वारा न येणारी दहा बाय दहाची खोली मिळाली की जंतूंचे काम सोपे होते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार चालू असताना पोषणासाठी महिना १००० रुपये मिळतात.

आजारासोबत पत्ताही लिहिला जावा

केसपेपरवर खोकला लिहिला जातो. घर डंपिंगपासून किती लांब आहे, घरातले कोणी कचरा वेचते का, हे सहसा लिहिले जात नाही. मग आजार त्या एकट्या माणसाचा ठरतो. बिडी ओढतो, स्वच्छता पाळत नाही, असे म्हणून विषय संपतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली होती आणि कचराभूमी वस्तीपासून २०० मीटर दूर असावी असे सांगितले होते. नियम मोडला गेला आणि त्याने माणसे आजारी पडली, हे दाखवायचे तर नोंद लागते.

ती नोंद आपण ठेवू शकतो. डॉक्टरांना राहण्याचे ठिकाण आणि काम केसपेपरवर लिहायला सांगा. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. धूर कोणत्या दिवशी आला, कोणत्या गल्लीत किती जण खोकत होते, नळाला घाण पाणी कधी आले, हे तारखेसह लिहा. रविवारच्या वंदनेनंतर त्यासाठी दहा मिनिटे पुरतील. वर्षभराची अशी वही घेऊन वस्ती वॉर्ड ऑफिसात गेली, तर "इथं सगळ्यांनाच असतो" हे वाक्य तक्रार म्हणून लिहून घ्यावे लागेल.