शुश्रूषेची कसोटी

वृद्धाश्रम हा शब्द उच्चारला की आपल्या मनापुढे दोन चित्रे उभी राहतात. एक टाकून दिलेल्या आईबापांचे आणि दुसरे पुण्यशील माणसांनी चालविलेल्या सेवामंदिराचे. दोन्ही चित्रांत भावना पुष्कळ आहे, माहिती मात्र थोडी. मुलगा कृतघ्न की परिस्थितीने गांजलेला, संस्था सेवाभावी की धंदेवाईक, यावर आपण हिरिरीने वाद घालतो. परंतु तेथे खाटेवर पडून असलेल्या आजीला रात्री दोन वाजता तहान लागली तर पाणी कोण देते, हा साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा साधा प्रश्नच आहे.

2011च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठी गाठलेल्या माणसांची संख्या 10 कोटी 38 लाखांच्या आसपास होती. 2007 साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. निराधार वृद्धांसाठी जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे माणसांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य सरकारांनी टप्प्याटप्प्याने उभारावा, अशी तरतूद त्यात आहे. पण आपल्या गावात प्रत्यक्ष दिसते ते निराळेच. एखाद्या जुन्या बंगल्यात दहापंधरा खाटांचा आश्रम असतो, किंवा ब्युरोमार्फत आलेली एखादी मावशी बारा तास घरी येऊन आजोबांचे सगळे करते. अशा लहान व्यवस्थेतील शुश्रूषा चांगली की वाईट, हे ओळखावयाचे कसे?

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार ज्यांनी केला त्यांत आवेदिस डोनाबेदियन यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. बैरूत येथे जन्मलेल्या व पुढे अमेरिकेत अध्यापन केलेल्या या वैद्यकतज्ज्ञाने 1966 साली एक प्रदीर्घ निबंध लिहून शुश्रूषेच्या गुणवत्तेची तीन अंगे दाखविली. पहिले साधनांचे: इमारत, खाटा, माणसे, त्यांचे शिक्षण. दुसरे क्रियेचे: प्रत्यक्ष काय केले जाते व कसे केले जाते. तिसरे फलिताचे: त्यामुळे रोग्याचे काय झाले. आपण आश्रम पाहावयास जातो तेव्हा पहिलेच अंग पाहून परत येतो. फरशी स्वच्छ आहे, भिंतीला रंग आहे, देवघरात समई तेवते आहे, एवढ्याने आपले समाधान होते. खरी परीक्षा दुसऱ्या अंगात असते, आणि ते भेटीच्या वेळी डोळ्यांना दिसत नाही.

एक उदाहरण घेऊ. अंथरुणास खिळलेल्या माणसाचे माकडहाड, टाचा, खुबे यांवर शरीराचा भार सतत पडतो. तेथील बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, कातडीला रक्त मिळेनासे होते आणि व्रण पडू लागतो. आरंभी तेथे नुसती लाली दिसते. बोटाने दाबल्यावर ती क्षणभर पांढुरकी झाली तर ठीक; तशीच लाल राहिली तर धोक्याची सूचना समजावी. हा व्रण टाळण्याचा मुख्य उपाय म्हणजे ठरावीक वेळाने, साधारणपणे दर दोन तासांनी, रोग्याची कूस बदलणे. याला महागडे यंत्र लागत नाही. पण ते दुपारी जेवणाच्या वेळी झाले पाहिजे, पहाटे चार वाजता झाले पाहिजे आणि दिवाळीच्या पाडव्यालाही झाले पाहिजे. एक रात्र चुकली तरी कातडी लाल होऊ शकते, आणि एकदा खोल गेलेला व्रण भरून यावयास महिनेच्या महिने लागतात.

पाण्याचेही तसेच. वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते. शिवाय पुन्हापुन्हा लघवीला उठावे लागेल, कोणाला तरी हाक मारावी लागेल, या संकोचाने म्हातारी माणसे मुद्दामच पाणी कमी पितात. मग लघवीचा विकार होतो, बोलण्यात गोंधळ येतो, चक्कर येऊन माणूस पडतो. घरची माणसे म्हणतात, ‘वय झाले.’ कित्येकदा वय झालेले असते हे खरे, पण पेलाही हाताशी नसतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 साली शुश्रूषेवर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात व्यवस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा मथितार्थ असा, की आपण हजर असताना जे आपण करतो ते आपल्या गैरहजेरीतही होत राहील अशी तजवीज करणे ही खरी व्यवस्था. लहान संस्थेला ही कसोटी फार कडक पडते. लहानपणाचा मोठा गुण म्हणजे ओळख. कोणाला चहात साखर नको, कोण डाव्या कानाने ऐकतो, कोणाला अंधाराची भीती वाटते, हे तेथे सर्वांना ठाऊक असते. शंभर खाटांच्या ठिकाणी ही माया सहज मिळत नाही. पण हे ज्ञान एका संचालिकाबाईंच्या किंवा एका जुन्या मावशीच्या डोक्यात राहिले, तर ती मावशी गावी गेली की ज्ञानही गावी जाते! शिवाय ‘आमचे कुटुंबच आहे, इथे वह्या कशाला?’ असे अभिमानाने म्हटले जाते. आईवर माया असलेला मुलगाही रक्तदाबाची गोळी दिली की नाही हे विसरतो. मग वीस जणांच्या गोळ्या नुसत्या मायेने कशा लक्षात राहणार? म्हणून वही हवी. औषध कोणी दिले, कूस केव्हा बदलली, कोण पडले आणि का पडले, हे तिच्यात असले की नव्याने आलेल्या बाईलाही जुन्या बाईचे ज्ञान मिळते.

वही झाली म्हणजे सगळे झाले असेही नव्हे. 1976 साली एलेन लँगर व जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगितले, की आपल्या दिवसाचे निर्णय आपणच घ्यावयाचे. आणि प्रत्येकाला एक रोपटे दिले, त्याची निगा त्याने स्वतः राखावयाची. दुसऱ्या मजल्यावर सांगितले, की तुमची काळजी घ्यावयास आम्ही आहोत. रोपटी त्यांनाही दिली, परंतु पाणी परिचारिका घालीत. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरील माणसे अधिक तरतरीत व आनंदी दिसू लागली. अर्थ उघड आहे. माणसाचे सर्व काही आपण केले की त्याची सोय होते, पण त्याचे कर्तेपण जाते. आंघोळ सकाळी की सायंकाळी, लुगडे की गाऊन, भजन ऐकावयाचे की क्रिकेट, एवढे तरी त्याला विचारले पाहिजे. एखाद्या आश्रमातील गाढ शांतता पाहून भारावून जाऊ नये. ती समाधानाची असेल, तशीच ती झोपेच्या गोळ्यांचीही असू शकेल.

घरी येणाऱ्या मदतनिसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. नेदरलँड्समध्ये 2006 साली योस द ब्लॉक यांनी ‘ब्युर्टझोर्ख’ ही घरपोच शुश्रूषेची संस्था काढली. तीत फार तर बारा परिचारिकांचा एक गट आपल्या वस्तीची जबाबदारी घेतो आणि कामाची आखणी स्वतःच करतो. रोग्याला दररोज नवा चेहरा दिसू नये, आणि जी त्याला ओळखते तिनेच ठरवावे, हे त्यामागचे तत्त्व. आपल्याकडे उलट घडते. बारा तास उभी राहणारी, जेवणाची सुटीही धड न मिळणारी, आजारी पडली तर रोजंदारी बुडणारी बाई दोन महिन्यांत काम सोडते. दुसरी येते, तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. रोगी उचलण्याची रीत तिला कोणी शिकविलेली नसते, म्हणून त्याचा खांदा दुखावतो आणि तिची कंबर जाते. ज्या घरात मावशीला बसावयास खुर्ची नाही, त्या घरात आजोबांना चांगली शुश्रूषा मिळेल अशी आशा बाळगणे व्यर्थ होय.

तेव्हा आश्रम पाहावयास जाल तेव्हा वेळ कळवून जाऊ नका. जेवणाच्या किंवा दिवेलागणीच्या वेळी जा. रात्री किती माणसे कामावर असतात ते विचारा. पाण्याचा पेला खाटेवरून हाताला लागतो का, ते पाहा. गेल्या महिन्यात कोण पडले, आणि त्यानंतर काय बदलले, हे विचारा. ‘आमच्याकडे कोणी पडतच नाही’ असे उत्तर मिळाले तर सावध व्हा.

इंग्लंडमध्ये अशा सेवांची तपासणी करून त्यांना श्रेणी देणारी सरकारी यंत्रणा 2009 पासून काम करते. तिच्या प्रौढ सामाजिक सेवा विभागाच्या तत्कालीन प्रमुख तपासनीस अँड्रिया सटक्लिफ आपल्या सहकाऱ्यांना एक प्रश्न मनात ठेवावयास सांगत: माझ्या आईला येथे ठेवणे मला चालेल काय? आपण मात्र तपासनीस येण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तपासनीस वर्षातून एकदा येईल. आश्रम तर आपल्याच आळीत आहे. आपल्यापैकी दोघांनी आठवड्यातून एकदा, दर खेपेला निराळ्या वेळी, तेथे तासभर जाऊन बसावयाचे ठरविले, तर ज्याला भेटावयास कोणीच येत नाही त्यालाही येणारे माणूस मिळेल, आणि संस्थेलाही बाहेरची एक नजर लाभेल.