कापो निवडताना : स्वर नेमका कोण ठरवतो?

आजचा विषय दिसायला लहान आहे. रेझोनेटर गिटारसाठी कापो कोणता घ्यावा? पण या प्रश्नामागे एक जुना प्रश्न आहे : गळ्यानं वाद्याकडे जायचं, की वाद्यानं गळ्याकडे यायचं?

आपल्याकडे याचं उत्तर रोज दिलं जातं. भजनी मंडळात एका बाईंची पट्टी काळी पाच, पुढच्या बुवांची काळी एक. पेटीवाला स्केल चेंजरची पेटी असेल तर पट्टी सरकवतो. बोटं तीच, षड्ज नवा. पेटी साधी आणि वाजवणाऱ्याची बोटं एकाच पट्टीला सरावलेली असली, तर ताण गाणाऱ्याच्या गळ्यावर येतो. कापो म्हणजे गिटारीचा स्केल चेंजरच. सतारीचा मेरू उचलून पुढच्या पडद्यावर बसवता आला असता तर काय झालं असतं, तेच काम तो करतो.

आता वाद्य बघू. रेझोनेटर गिटार अमेरिकेत 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात, जॉन डोपायरा यांच्या कल्पकतेतून आली. ध्वनिवर्धक यंत्रं तेव्हा सर्रास नव्हती आणि मोठ्या वाद्यवृंदात गिटार ऐकूच जात नसे. त्यांनी घोडीखाली ॲल्युमिनियमचा पातळ शंकू बसवला. हिचे दोन प्रकार, आणि कापोची निवड इथेच ठरते.

पहिला गोल दांडीचा. ही नेहमीच्या गिटारसारखी धरतात. हिला साधा कापो चालतो. मात्र स्लाइडसाठी तारा थोड्या उंच ठेवलेल्या असतील, तर कडक स्प्रिंगचा कापो त्यांना जास्त दाबतो आणि स्वर चढतो. म्हणून दाब कमी-जास्त करता येईल असा स्क्रूचा कापो बरा. पडद्यांची पाटी सपाट आहे की किंचित गोलसर, तेही बघायचं. कापोचा रबर तिला जुळला पाहिजे.

दुसरा चौकोनी दांडीचा. ही मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीनं वाजवतात. तारा पाटीपासून जवळजवळ एक सेंटिमीटर उंच. साधा कापो जाड दांडीला बसतच नाही. बसवलाच तर तारा वाकून बेसूर होतील आणि कांडी फिरवणंही अवघड होईल. म्हणून हिचा कापो वेगळा असतो : एक पट्टी तारांखाली, एक वर, मध्ये तारा घट्ट धरलेल्या. तो दांडीला धरत नाही, तारांवरच बसतो.

इथे एक बारकावा आहे. साध्या गिटारवर कापो पडद्याच्या किंचित मागे लावतात, कारण स्वर पडदा ठरवतो. चौकोनी दांडीवर तार पडद्याला टेकतच नाही. तिथे स्वर ठरवते कापोची कड, आणि पडदा ही नुसती खूण. म्हणून कड बरोबर पडद्याच्या वर हवी. केसभर तिरकी बसली तरी काही तारा चढतात, काही उतरतात.

मग कोणी विचारेल, कांडी कुठेही सरकते, तर कापो हवाच कशाला? मोकळ्या तारांसाठी. या गिटारची नेहमीची जुळणी जाड तारेकडून सा-ग-प-सा-ग-प, षड्ज पांढरी पाच. कापो दुसऱ्या पडद्यावर लावला की षड्ज पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच. खुंट्या पिळूनही हे होईल; पण दोन अर्धस्वर चढवले तर तारेवरचा ताण सुमारे सव्वा पट होतो, आणि तो भार त्या पातळ शंकूवर जातो.

हिंदुस्थानी स्लाइड वाजवणाऱ्यांना सहसा कापो लागत नाही. पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा घ्या : चिकारी आणि तरफा एका षड्जाला लावल्या की अख्खा राग त्यावर उभा राहतो. तेव्हा आधी ठरवू या, आपण एकल वाजवणार की चार गळ्यांना साथ करणार? साथ असेल तरच कापो घ्यावा.

घेताना चार गोष्टी तपासू. मेरूपाशी तारांमधलं अंतर कापोला जुळतं का? सगळ्या तारा सारख्या दाबानं धरल्या जातात का, की एखादी झणझणते? त्याची उंची कांडीच्या आड येते का? लावण्यापूर्वी जुळवलेल्या तारा लावल्यानंतरही ट्यूनरवर आपसांत जुळलेल्या राहतात का? ऑनलाइन मागवत असाल, तर दांडीचा प्रकार आणि तारांमधलं अंतर मोजून मगच मागवा.

आणि शेवटची परीक्षा गाणाऱ्याची. दुसऱ्या-तिसऱ्या पडद्यावर कापो लावून त्यांना तार षड्जापर्यंत गाऊ द्या. मान न ताणता ते तिथे पोहोचले, की कापो योग्य जागी लागला.