जेरोम : तांब्याच्या डोंगरावरील गाव

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात ॲरिझोना नावाचे राज्य आहे. त्याचे नाव काढले की निवडुंग, वाळवंट आणि रखरखीत ऊन डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु याच राज्याच्या मध्यभागी मिंगस नावाचा डोंगर असून त्याच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० फूट उंचीवर, जेरोम हे लहानसे गाव वसलेले आहे. वसलेले म्हणण्यापेक्षा ते डोंगराला चिकटलेले आहे असे म्हणणे अधिक शोभेल. कारण सपाट जमीन तेथे जवळजवळ नाहीच. कित्येक घरांची मागची बाजू जमिनीवर टेकलेली, तर पुढची बाजू उंच खांबांवर तोललेली असते. खालच्या रस्त्यावरील घराच्या छपराशी वरच्या रस्त्यावरील घराचा पाया येतो. २०२० सालच्या जनगणनेत या गावची वस्ती अवघी ४६४ भरली. तरीही दूरदूरचे लोक येथे येतात आणि सकाळी येऊन संध्याकाळपर्यंत सारे गाव पायी हिंडून पाहतात.

फिनिक्स या राजधानीच्या शहराहून मोटारीने निघाले म्हणजे सुमारे दोन तासांत आपण व्हर्डे नदीच्या खोऱ्यात उतरतो. 'व्हर्डे' हा स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ हिरवा असा आहे. खोऱ्यातील क्लार्कडेल हे गाव मागे टाकले की रस्ता वळणे घेत डोंगर चढू लागतो. वर पोहोचल्यावर क्षणभर मागे वळून पाहावे. खाली खोरे पसरलेले दिसते, त्यापलीकडे सेडोना गावाजवळचे तांबडेलाल कडे दिसतात आणि त्यांच्याही पलीकडे, क्षितिजाशी, सॅन फ्रान्सिस्को पर्वताची १२,६३३ फूट उंचीची शिखरे उभी असतात. हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ चमकत असतो.

असल्या अडचणीच्या जागी मनुष्य राहावयास का आला? त्याचे उत्तर डोंगराच्या पोटात आहे. सुमारे पावणेदोन अब्ज वर्षांपूर्वी येथे डोंगर नव्हता. समुद्राचा तळ होता. त्या तळाशी ज्वालामुखी जागृत होते आणि खडकांच्या भेगांतून अतिशय तापलेले पाणी वर उसळत होते. त्या पाण्यात तांबे, लोखंड, जस्त इत्यादी धातू आणि गंधक विरघळलेले असत. थंड समुद्राची गाठ पडताच हे पदार्थ तळाशी साचत. पुढे त्यांवर थरांमागून थर चढले, जमीन उचलली गेली, वाकली, भंगली, आणि समुद्रतळावरचा तो साठा डोंगराचा भाग होऊन बसला. त्या मानाने मनुष्याने केलेली खोदाई म्हणजे कालची गोष्ट होय.

तांबे म्हटले की आपणांस तांबूस रंग आठवतो. आपल्या पाणी पिण्याच्या तांब्याचे नावच त्यावरून पडले आहे. परंतु खडकातील तांबे पुष्कळदा त्या रंगाचे नसते. हवा आणि पाणी यांचा स्पर्श झाला म्हणजे त्याची काही खनिजे गर्द निळी, तर काही पोपटी हिरवी होतात. मोरचूद ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या निळ्या रंगाची कल्पना येईल. मोरचूदही तांब्यापासूनच बनतो. जेरोमच्या डोंगरावर असे रंगीत दगड उघडे पडलेले होते, आणि त्यांचा उपयोग तेथील मूळ रहिवाशांनी फार पूर्वी ओळखला होता. ते हे दगड खणून काढीत, कुटून त्यांची पूड करीत आणि ती अंग रंगविण्यासाठी व वस्त्रे रंगविण्यासाठी वापरीत. १५८३ साली अँतोनिओ दे एस्पेहो आणि १५९८ साली मार्कोस फार्फान हे स्पॅनिश सरदार या भागात आले, तेव्हा त्यांना या खाणी दाखविण्यात आल्या. त्यांचे सारे लक्ष सोन्याचांदीकडे होते. निळ्या-हिरव्या दगडांचे त्यांना फारसे महत्त्व वाटले नाही व ते परत गेले. अशा रीतीने या डोंगरातून मनुष्याने प्रथम जे काढले ते धन नव्हते, रंग होते. पुढे सुमारे पावणेचारशे वर्षांनी रंगांचेच लोक येथे पुन्हा राहावयास आले, हा मोठा चमत्कारिक योग आहे.

त्या मधल्या काळाची हकीगत मात्र धुराने भरलेली आहे. १८७६ साली काही गोऱ्या लोकांनी येथील जमिनीवर खाणीचे हक्क नोंदविले. १८८३ साली युनायटेड व्हर्डे ही कंपनी उभी राहिली. तिला पैसा पुरविणाऱ्यांपैकी न्यूयॉर्कचे यूजीन जेरोम यांचे नाव गावाला देण्यात आले. ते स्वतः या गावी कधी आलेच नाहीत असे सांगतात! तांब्याचा भाव पडल्यामुळे कंपनीचा जम बसेना, तेव्हा १८८८ साली विल्यम क्लार्क या धनाढ्य खाणमालकाने ती ताब्यात घेतली. त्याने डोंगरातून अरुंद रुळांची आगगाडी आणली. तिच्या मार्गावर इतकी वळणे होती की, जगातील सर्वांत वाकडा लोहमार्ग म्हणून लोक त्याची थट्टा करीत.

येथील खनिजात तांब्याबरोबर गंधकही असे. ते उडवून लावण्यासाठी खनिजाचे ढीग लाकडांवर रचून उघड्यावर भाजले जात. गंधकाचा विषारी धूर दिवसरात्र गावावर पसरे. त्या धुराने झाडेझुडपे जळून गेली, आणि जी काही उरली होती ती खाणीतील बोगद्यांना टेकू देण्यासाठी व भट्ट्यांत जाळण्यासाठी तोडली गेली. मग पावसाळी पाण्याने उघडी माती वाहून नेली. पुढे धातू गाळण्याची भट्टी खोऱ्यात हलविण्यात आली. क्लार्कडेल हे गाव त्यासाठीच १९१२ साली वसविले गेले. डोंगर मात्र तोपर्यंत बोडका झाला होता.

तरीही माणसे येत राहिली. मेक्सिकन, आयरिश, इटालियन, क्रोएशियन, चिनी अशा कितीतरी लोकांच्या भाषा या एका उतारावर ऐकू येत. लाकडी घरे दाटीवाटीने उभी होती, त्यामुळे आगी वारंवार लागत; व्यवस्थित नियम करता यावेत म्हणून १८९९ साली गावाला नगराचा दर्जा देण्यात आला. पहिल्या महायुद्धात तांब्याला विलक्षण मागणी आली. खाणमालकांचा नफा वाढला आणि मजुरांनीही आपला वाटा मागितला. तेव्हा काय घडावे? १० जुलै १९१७ रोजी पहाटे हत्यारबंद नागरिकांनी संघटनेच्या मजुरांना घराघरांतून धरून आणले आणि त्यांपैकी साठांहून अधिक जणांना गुरे वाहण्याच्या आगगाडीच्या डब्यांत घालून गावाबाहेर पाठवून दिले. त्यांच्यावर खटला नाही, चौकशी नाही. जेरोमच्या वैभवाच्या गोष्टी सांगताना ही गोष्ट वगळून चालणार नाही. कारण ते वैभव ज्यांच्या हातांनी खणून काढले, तेच हे हात होते.

आता गाव खचण्याची हकीगत ऐका. खाणीतील गंधकयुक्त खनिजाला भूगर्भातच आगी लागल्या आणि त्या काही केल्या विझेनात. तेव्हा जळत्या भागापर्यंत पोहोचण्यासाठी कंपनीने १९१८ सालापासून डोंगर वरूनच फोडावयास आरंभ केला. सुरुंगाचे प्रचंड बार उडू लागले. गावाच्या खाली तर बोगद्यांचे जाळे होते. त्यांची एकूण लांबी ८८ मैल, म्हणजे सुमारे १४० किलोमीटर भरते! खालून पोकळ झालेली, वरून हादरणारी आणि झाडांच्या मुळांचा आधार गेलेली ती जमीन हळूहळू सरकू लागली. भिंतींना तडे गेले, दुकाने कलली. गावातील तुरुंगाची खोली तर आपल्या मूळ जागेपासून सुमारे २२५ फूट खाली घसरत गेली. कैद्यांना पळून जाता येऊ नये म्हणून बांधलेला तुरुंग स्वतःच पळून गेला, असे गावकरी गमतीने म्हणतात. तो घसरलेला तुरुंग आजही पाहावयास मिळतो. कंपनीने १९२७ साली सुरू केलेले रुग्णालय मात्र हे हादरे लक्षात घेऊनच भक्कम काँक्रीटचे बांधले होते. ती पाच मजली इमारत अजून उभी असून आता तेथे हॉटेल आहे.

१९३० साली गावात ४,९३२ लोक होते. त्यानंतर मंदी आली, भाव कोसळले आणि चांगले खनिजही संपत आले. जेम्स डग्लस याची दुसरी मोठी खाण १९३८ साली बंद पडली. १९५० साली वस्ती १,२३३ वर आली. १९५३ साली उरलेली खाणही बंद झाली, आणि १९६० च्या जनगणनेत गावात २४३ माणसे उरली. खाणीचे गाव म्हणजे खाणीचीच सावली. वस्तू गेली की सावलीही जाते. अमेरिकेत अशी कितीतरी ओसाड गावे आहेत. दारेखिडक्या लोक काढून नेतात, छपरे बसतात आणि काही वर्षांत नुसते चौथरे राहतात. जेरोमचेही तेच व्हावयाचे होते. पुष्कळ घरे पाडलीही गेली.

परंतु मागे राहिलेल्या मूठभर रहिवाशांनी त्याच १९५३ साली एक ऐतिहासिक मंडळ स्थापन केले. त्यांनी रिकाम्या इमारती मिळवून त्या सांभाळल्या, खाणीतील हत्यारे गोळा करून संग्रहालय मांडले आणि ओसाडपणाचेच भांडवल करून आपल्या गावाची 'भुतांचे शहर' अशी जाहिरात केली! भुते पाहावयास माणसे येऊ लागली. डग्लसचा मोठा वाडा १९६५ साली ऐतिहासिक उद्यान म्हणून लोकांना खुला झाला, आणि १९६६ साली सरकारने जेरोमला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान दिला.

याच सुमारास आणि पुढील दशकात तरुण चित्रकार, कुंभारकाम करणारे, विणकर, जवाहिराचे काम करणारे कारागीर येथे येऊ लागले. त्यांच्या गाठी पैसा नव्हता, आणि मोडकी घरे फार स्वस्तात मिळत. लांब केस वाढविलेल्या या पोरांकडे जुने खाणकामगार प्रथम संशयाने पाहत. पण या पोरांनी छपरे दुरुस्त केली, भिंती सावरल्या आणि ते गावचेच होऊन राहिले. कंपनीच्या दृष्टीने ज्यांची किंमत संपली होती, त्याच भिंतींत त्यांना प्रकाश आणि मोकळी जागा दिसली. आज जुन्या शाळेच्या वर्गांत चित्रकारांच्या कार्यशाळा आहेत. एका जुन्या हॉटेलात स्थानिक कलावंतांनी सहकारी तत्त्वावर चालविलेले कलादालन आहे. शोभादर्शकांचे एक दुकान तर दूरवर प्रसिद्ध आहे. रंगीत काचांच्या तुकड्यांची नक्षी पाहत लहानांबरोबर मोठी माणसेही तेथे रेंगाळतात.

पाहण्यासारखी आणखी दोन स्थळे सांगितली पाहिजेत. डग्लसचा वाडा १९१६ साली उन्हात वाळविलेल्या मातीच्या विटांनी बांधलेला आहे. त्यात गावाखालच्या बोगद्यांची एक प्रतिकृती ठेवली आहे. ती पाहिल्यावर, वरचे गाव केवढेसे आणि खालचे केवढे, हे ध्यानात येते. वाड्याजवळच खाणीत उतरण्याचे एक विवर असून त्यावर जाड काच बसविली आहे. त्या काचेवर उभे राहून पायांखाली पाहावे. खाली १,९०० फूट खोल अंधार असतो! मजूर पिंजऱ्यात बसून रोज या अंधारात उतरत असत.

हे सारे आबाद झाले म्हणून गावापुढच्या अडचणी सरल्या, असे मात्र नाही. सुटीच्या दिवशी अरुंद रस्त्यांवर मोटारींची गर्दी होते. जी घरे एकेकाळी फुकट घ्यावयास कोणी तयार नव्हते, ती आता नव्या गरीब कलावंताला परवडण्याजोगी राहिलेली नाहीत. पिण्याचे पाणी डोंगरातील झऱ्यांवरून येते, आणि झरे काही पाहुण्यांच्या संख्येप्रमाणे वाढत नाहीत. उतारावरची जुनी घरे सावरण्याचे कामही कधी संपत नाही.

त्या कामाला पाहुण्यांचा हातभार मोठ्या मौजेच्या मार्गाने लागतो. मुख्य रस्त्यावर १९०१ साली बांधलेल्या बार्टलेट हॉटेलचे अवशेष आहेत. जमीन खचल्यामुळे त्याचे छप्पर गेले. आता काही भिंती तेवढ्या उरल्या आहेत. आत खोलगट जागेत मंडळाने जुने गंजलेले सामान मांडले असून त्यात शौचकूपाचे एक जुने भांडेही आहे. लोक कठड्याच्या गजांतून नेम धरून त्यात नाणी फेकतात. नेम बहुधा चुकतो आणि हशा पिकतो. मंडळाची माणसे वेळोवेळी खाली उतरून ती नाणी गोळा करतात, मोजतात आणि गावातील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीस लावतात.