लिव्हरपूलची नगरपरिषद निवडणूक आणि आपले विद्यार्थी

उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जाणारी आपली मुले बँकेचे खाते, खोलीचे भाडे, रेल्वेचा पास या सर्वांची चौकशी करून जातात. परंतु तेथे गेल्यावर आपल्याला मताधिकार मिळतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. भारत राष्ट्रकुलाचा सभासद असल्याने ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य करणाऱ्या भारतीय नागरिकास तेथील मतदारयादीत नाव नोंदविता येते. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व घ्यावे लागत नाही. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनाही हा अधिकार आहे.

उदाहरण म्हणून लिव्हरपूल शहर घेऊ. तेथील सिटी कौन्सिलची पुढील सार्वत्रिक निवडणूक वेळापत्रकानुसार 6 मे 2027 रोजी, गुरुवारी, येते. एकूण 64 वॉर्ड व 85 नगरसेवक. बहुतेक वॉर्ड एकसदस्यीय असून काही दोन, तर काही तीन सदस्यांचे आहेत. दोन सदस्यांच्या वॉर्डात मतदारास दोन मते असतात आणि सर्वाधिक मते मिळविणारे दोघे निवडून येतात. पुण्यात 2017 साली चार सदस्यांचे प्रभाग होते. तेथे अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र होती. लिव्हरपूलमध्ये तसे नाही. राखीव जागाही तेथे नाहीत; सामाजिक प्रतिनिधित्व पक्षांच्या उमेदवारीवरच अवलंबून राहते, आणि आपल्या वाचकांना हे खटकल्याशिवाय राहणार नाही.

ही रचना जुनी नव्हे. पूर्वी 30 वॉर्डांतून प्रत्येकी तीन याप्रमाणे 90 नगरसेवक असत आणि एक तृतीयांश जागांची निवडणूक चारपैकी तीन वर्षे होई. म्हणजे प्रचार जवळजवळ बारमाही! 2021 साली मॅक्स कॉलर यांच्या तपासणी अहवालाने कौन्सिलच्या काही खात्यांतील गंभीर गैरकारभार उघड केला. केंद्र सरकारने आयुक्त नेमले; ते 2024 पर्यंत होते. चार वर्षांतून एकदा सर्व जागांची निवडणूक घ्यावी, ही सूचनाही त्याच अहवालाची. त्यानुसार 2023 साली पहिली निवडणूक झाली. मजूर पक्षास 61, लिबरल डेमोक्रॅट्सना 15 आणि ग्रीन, लिबरल व स्थानिक अपक्ष गट यांना प्रत्येकी 3 जागा मिळाल्या. थेट निवडून येणारे शहर महापौरपद 2012 पासून होते, तेही याच वेळी संपले. आता नगरसेवकच आपला नेता निवडतात. लॉर्ड मेयर हे पद केवळ मानाचे आहे.

या शहराने कौन्सिल आणि सरकार यांचा झगडा पूर्वीही पाहिला आहे. 1985 साली अंदाजपत्रकाच्या वादात वेळेवर कर न आकारल्याबद्दल 47 नगरसेवकांकडून भरपाई वसूल करण्याचा आदेश निघाला आणि 1987 साली ते अपात्र ठरले. वृद्धांची देखभाल, शाळा, रस्ते, कचरा, ग्रंथालये ही कामे कौन्सिलकडेच असल्याने तिचा खर्च हा तेथे जिव्हाळ्याचा प्रश्न असतो.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. नाव आपोआप लागत नाही. मतदानापूर्वी 12 कामकाजाचे दिवस अगोदर अर्ज पोहोचावा लागतो. वयाची अट आजवर 18 वर्षांची राहिली आहे. ती 16 वर आणण्याचा इरादा ब्रिटिश सरकारने जुलै 2025 मध्ये जाहीर केला. 2023 पासून मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो, परंतु विद्यापीठाचे ओळखपत्र 2023 च्या यादीत नव्हते. ज्येष्ठांचा बसपास मात्र होता! तरुणांनी यावर टीका केली, ती रास्तच होती. केंद्रे सकाळी 7 ते रात्री 10 पर्यंत उघडी असतात, तेव्हा तासिकेची सबब चालणार नाही.

पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या घरास कौन्सिल टॅक्स माफ असतो, म्हणून आपला कौन्सिलशी संबंध नाही असे काही जण समजतात. भाड्याच्या खोलीत ओल आली, घरमालक दाद देईना, तर तक्रार याच कौन्सिलकडे न्यावी लागते. वॉर्डाचा नगरसेवक कोण, हे निदान तेवढ्यासाठी तरी पहिल्याच महिन्यात शोधून ठेवावे.