हिवाळी गिरिभ्रमणात स्नोशू केव्हा सोबत घ्यावेत, केव्हा घालावेत?

हेब्बाळ (बंगळुरू) : बंगळुरूच्या उत्तर भागातील हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडला की रस्ता देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे जातो. हिवाळ्यात हिमालयातील गिरिभ्रमणासाठी निघालेले अनेक जण याच रस्त्याने विमानतळ गाठतात. या शहरातील आजवरचे नीचांकी तापमान ७.८ अंश सेल्सिअस असून ते जानेवारी १८८४ मध्ये नोंदवले गेले. साहजिकच येथील रहिवाशांना बर्फाचा सराव नसतो. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांची स्थितीही वेगळी नाही. राज्यातील सर्वोच्च शिखर असलेल्या १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवरही हिमवर्षाव होत नाही. त्यामुळे केदारकंठा, ब्रह्मताल किंवा कुआरी खिंडीच्या वाटेसाठी सामानाची यादी करताना स्नोशू हवेत की नकोत, याबाबत अनेकांचा गोंधळ उडतो.

स्नोशू म्हणजे काय?

पावसाळ्यात भातखाचरातून चालताना पाय चिखलात रुततो, परंतु त्यावर फळी टाकली की माणूस सहज पलीकडे जातो. फळीमुळे शरीराचा भार अधिक जागेवर विभागला जातो. स्नोशूचे तत्त्व हेच आहे. हलक्या धातूची चौकट, तिच्यात बसवलेला मजबूत पडदा, बूट अडकवण्यासाठी पट्टे आणि खालच्या बाजूस दाते, अशी या रुंद पादत्राणाची आजची रचना असते. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी लाकडी चौकट व चामड्याच्या वाद्या वापरून असे जोडे बनवत. इटलीच्या सीमेवरील एका हिमनदीत सापडलेला स्नोशू सुमारे ५,८०० वर्षांपूर्वीचा असल्याचे २०१६ मध्ये जाहीर करण्यात आले.

सामानासह ८२ किलो वजनाचा माणूस एका पायावर उभा राहिला, तर साध्या बुटाखालील दर चौरस सेंटिमीटर बर्फावर सुमारे ३३० ग्रॅम भार येतो. मध्यम आकाराच्या स्नोशूखाली तोच भार सुमारे ७० ग्रॅमवर येतो. पाऊल मुळीच रुतत नाही असे नाही. मात्र मांडीपर्यंत खोल जाण्याऐवजी ते थोडेसेच खाली जाते.

सोबत केव्हा घ्यावेत?

स्नोशूंच्या एका जोडीचे वजन साधारणतः दीड ते अडीच किलो असते. हे ओझे विनाकारण वाहणे योग्य नव्हे. लोकप्रिय वाटांवर एकापाठोपाठ एक तुकड्या जात असल्याने पायवाटेवरील बर्फ दबून टणक होतो. अशा वाटेवर बुटांना लावायचे दातेरी साखळ्यांचे मायक्रोस्पाइक आणि पोटऱ्यांवर बांधायचे गेटर बहुधा पुरेसे ठरतात. लडाखमधील गोठलेल्या झंस्कार नदीवरील चादर मार्गावर तर पायांखाली प्रामुख्याने कठीण बर्फाचा थर असतो. तेथे स्नोशूंचा उपयोग नाही.

तीन परिस्थितींत मात्र ते सोबत असणे आवश्यक आहे. पहिली, निघण्याच्या आधी किंवा प्रवासाच्या काळात मोठ्या हिमवृष्टीचा अंदाज असल्यास. हिवाळ्यात पश्चिमी प्रक्षोभामुळे पश्चिम हिमालयात एका रात्रीत मळलेली वाट पूर्णपणे झाकली जाऊ शकते. दुसरी, वाट अल्पपरिचित असून आपलीच तुकडी प्रथम जाणार असल्यास. तिसरी, फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चमध्ये, जेव्हा दिवसाचे ऊन कडक होते.

या तिसऱ्या परिस्थितीकडे नवख्यांचे हमखास दुर्लक्ष होते. पहाटे गोठलेल्या बर्फाचा वरचा थर माणसाचा भार सहज पेलतो. त्यामुळे स्नोशू नकोतच, असा समज होतो आणि ते तंबूत ठेवले जातात. दुपारी तोच थर मऊ होतो आणि परतताना प्रत्येक पाऊल रुतू लागते. सकाळी पाठीवर व दुपारी पायांत, अशी त्यांची जागा अशा दिवसांत ठरलेली असते. म्हणून सोबत नेण्याचा निर्णय सकाळचा बर्फ पाहून नव्हे, तर संपूर्ण दिवसाचा विचार करून घ्यावा.

केव्हा घालावेत, केव्हा काढावेत?

पाऊल घोट्याच्या वर, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर किंवा त्याहून खोल, वारंवार रुतू लागले की स्नोशू घालावेत. थकवा येईपर्यंत थांबू नये. रुतलेला पाय दर वेळी उपसून काढण्यात शक्ती झपाट्याने खर्च होते, बूट व विजार ओली होते आणि गुडघा मुरगळण्याची भीती असते. मागे उरलेले खड्डे रात्री गोठतात आणि नंतर येणाऱ्यांची वाटही धोकादायक होते. खोल बर्फ सुरू होण्याआधीच्या सपाट जागी थांबून पट्टे बांधणे सोपे असते. कमरेपर्यंत रुतल्यावर तेच काम गारठलेल्या बोटांनी करावे लागते.

पुढे चालणारा वाट पाडत असल्याने तो सर्वाधिक दमतो. त्याची जागा आळीपाळीने बदलावी. तुकडीतील सर्वांकडे स्नोशू असावेत. काहींकडेच असल्यास मागच्यांचे पाय रुततात आणि सर्वांचाच वेग मंदावतो. हातातील काठ्यांच्या टोकांना रुंद चकत्या लावाव्यात.

उतार तीव्र आणि बर्फ टणक असेल, तर स्नोशू काढून क्रॅम्पॉन घालावेत. उताराला आडवे जाताना रुंद पादत्राण घसरते आणि तोल सांभाळणे कठीण होते. खडकाळ भागातही ते काढून टाकणे हितावह आहे.

साधनाची मर्यादा

स्नोशूंमुळे खोल बर्फात पुढे जाता येते. पुढे जावे की नाही, हे मात्र त्यांच्यावरून ठरवता येत नाही. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो आणि ताज्या हिमवृष्टीनंतर तो वाढतो. नेमक्या याच काळात स्नोशू घालून चालण्याचा मोह होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तरकाशीतील द्रौपदी का दांडा येथे नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींची तुकडी हिमस्खलनात सापडली. त्यानंतर २७ मृतदेह हाती लागले. प्रशिक्षित तुकडीवरही असा प्रसंग येऊ शकतो, हे त्यातून दिसले.

वादळापुढे तर कोणतेही पादत्राण अपुरे असते. जून २०२४ मध्ये उत्तराखंडमधील सहस्रताल येथे २२ जणांची तुकडी हिमवादळात अडकली. तीत १८ जण कर्नाटकातील, एक महाराष्ट्रातील, तर तिघे स्थानिक वाटाडे होते. नऊ जणांचा मृत्यू झाला आणि १३ जणांना वाचवण्यात यश आले. तो हिवाळा नव्हता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. चार हजार मीटरहून अधिक उंचीवर उन्हाळ्यातही जोराचा वारा व हिमवृष्टी काही तासांत जीवघेणी ठरू शकते. अशा वेळी वेळीच मागे फिरणे किंवा निवारा गाठणे, हाच खरा उपाय होय.

निघण्यापूर्वी हवामान विभागाचा अंदाज आणि संरक्षण भू-माहिती संशोधन आस्थापनेचा हिमस्खलनविषयक इशारा अवश्य पाहावा. संयोजकाला नोंदणीपूर्वीच तीन प्रश्न विचारावेत : ताजा बर्फ पडल्यास स्नोशू मिळतील काय, ते सर्वांना पुरतील काय आणि कोणत्या परिस्थितीत तुकडी मागे वळेल? पायथ्याच्या गावांत मायक्रोस्पाइक भाड्याने मिळतात. स्नोशू मात्र मिळतीलच असे नाही. तिसऱ्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर न मिळाल्यास बेत बदललेला बरा.